ताटं थांबव भावा

हे लिहिणारच नव्हतो, खरं डोक्यातनं जाईना.

गडमुडशिंगीजवळच्या एका वृद्धाश्रमात मी सैपाक करतो. आमच्यात अन्नदान करणारा येऊन फोटो निघाल्याबिगर कुणी घास उचलत न्हाय. काल माझ्या दोस्ताचा, दत्तप्रसादचा वाढदिवस होता, अन्नदान त्याचंच. त्याची आई लीलाकाकू आमच्याकडंच असत्यात.

अकराला गरम बासुंदी तयार झाली. तवर दत्त्याचा फोन, "शिवाजी पेठेत पोरं केक कापाय लागल्यात. ताटं थांबव भावा."

आला तीनला. पत्र्याखाली बासुंदीला आंबूस वास सुटलेला. बाकीच्यांच्या वाट्या मी उचलल्या. दत्त्याला सांगाय गेलो, तर काकूंनीच माझा हात धरला. "गप रं. वर्षातनं एकदा पोरगं भरवतंय." फोटोत त्यांची वाटी रिकामी हाय.

आज दवाखान्यात काकूंच्या उशाला मी बसलोय. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना लगेच बोलवा. फोन लावला, तर दत्त्या रडत म्हणाला, "निघालोय रं, वाटंतच हाय."



"ये तू," म्हटलं. "तू येस्तवर आईला थांबवून ठेवतो."