हद्द

नवा सिक्लिड मासा सोडण्याआधी अच्युतरावांनी टाकीतले सगळे दगड हलवले. जुने मासे सैरभैर फिरू लागले.

"अहो, कशाला छळताय त्यांना?" कुमुदताई करवादल्या.

"आपला कोपरा सापडला नाही, की नव्याला मारत नाहीत."

हात धुवायला ते वळले, तर न्हाणीघराच्या जागी भिंत. वसाहतीच्या कार्यालयातून चालवल्या जाणाऱ्या सरकत्या भिंती आज तिसऱ्यांदा हलल्या होत्या. देवघरही दिसेना.

"बिघडल्यात मेल्या. तक्रार तरी करा!"

ओल्या हातांनी अच्युतराव टाकीकडे बघतच राहिले. तेवढ्यात बेल वाजली. दारात बोचकी घेतलेलं अनोळखी कुटुंब होतं.

"कार्यालयानं आम्हाला इथलीच एक खोली दिलीय."

"ती आमची आहे!" म्हणत अच्युतरावांनी बोट उचललं. पण ते कुठे दाखवावं, हेच त्यांना कळेना.