बिनआवाजाची डायरी

“कानात बोळे घालून बसलीस, तर माझी हाक कशी ऐकू जायची गं तुला?” सासूबाईंनी दुकानातच विचारलं होतं.

काउंटरच्या काचेवर दोन डिजिटल डायऱ्या मांडल्या होत्या. दोन्हींत तारखा, टिपणं, गजर आणि वर गाणी. एक जाडजूड, पाठीला स्पीकर असलेली. तिचा गजर झाला की गल्लीला कळावं. दुसरी सडपातळ, चंदेरी आणि मुकी. तिचं सगळं बोलणं कानात घालायच्या वायरीतून. दुकानदार जाडीची बाजू घेत होता. सुनेचा हात मात्र चंदेरीवरून निघेना.

“आई, बाळाची झोप म्हणजे पान हललं तरी मोडते. ही ठणाणा करणारी नकोच.”

“आणि मी हाक मारली तर?”

“तुम्ही कुठे कधी हाका मारता? आणि एक कान मोकळा ठेवीन की मी.”

सासूबाई हसल्या. त्यांची उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. शेजारी बसून बोलणाऱ्या ऑपरेटर मुलीला त्रास नको म्हणून आवाज खाली ठेवायची सवय अंगात मुरलेली. तशाच खालच्या आवाजात म्हणाल्या, “घे बाई. पण आमच्याकडे याला लाइन व्यस्त असणं म्हणायचे.”

चंदेरी घरी आली आणि बघता बघता बाळानं भरून गेली. थेंब, लस, वजन, दूध, शी. “मंत्र्याचा दौरासुद्धा इतका आखलेला नसतो,” नवरा म्हणे. सासूबाईही एकदा डोकावल्या. “माझंही नाव घाल की कुठेतरी. म्हातारीला चहा.”

“घालते हो आई,” ती म्हणाली, आणि बाळाच्या खोकल्याची नोंद करायला लागली.

गाणी तिनं जवळजवळ चोरूनच भरली होती. कॉलेजातली, तिच्या आवडीची. पण ऐकायला बसलं की ती मनाला खात. आईनं गाणं ऐकायचं म्हणजे तेवढा वेळ बाळाच्या तोंडचा काढला, असं तिचं गणित होतं.

त्या दुपारी बाळ कसंबसं झोपलं. पाळण्याची दोरी धरून तिचा खांदा भरून आला होता. सासूबाईंनी तिच्या हातातली ओली दुपटी काढून घेतली.

“बस जरा टेकून. ऐक तुझं एखादं गाणं. मी एवढी पिळून टाकते.”

“राहू द्या आई, मी करते.”

“नको तिथे माझं वय काढू नकोस. बस म्हटलं ना.”

ती बसली. वायर एकाच कानात घातली, दुसरा कान बाळासाठी. पहिलं गाणं असं अर्ध्या कानानंच संपलं. दुसरं तिचं फार लाडकं होतं. अर्ध्या कानानं ऐकायचं ते गाणंच नव्हे. एवढंच एक, असं स्वतःला बजावून तिनं दुसऱ्या कानातही वायर घातली आणि डोळे मिटले. एकाचं दुसरं झालं, दुसऱ्याचं तिसरं.

मग गाणं मध्येच तुटलं आणि कानात गजर किंचाळला. बाळाचे थेंब!

तिनं वायर उपसली. घर गप्प होतं. इतकं गप्प घर तिला आवडलं नाही. मनात पाल चुकचुकली. रडून रडून निपचित पडलं असेल का? पांघरूण तोंडावर गेलं असेल का? ती पाळण्याकडे धावली. पाळण्यापर्यंतच्या चार पावलांत तिनं स्वतःला नाही नाही ते बोलून घेतलं.

बाळ गाढ झोपलं होतं. मूठ सैल सुटलेली, ओठ झोपेतच दूध पीत होते. तिनं नाकाशी बोट धरलं. ऊन ऊन श्वास लागला. तिचा जीव भांड्यात पडला. वायर तिनं डायरीला गच्च गुंडाळली. पुन्हा म्हणून असा आप्पलपोटेपणा करायचा नाही. तिला हसूही आलं. आता आईंना सांगितलं, तर म्हणतील, उगीच घाबरट.

तेव्हा कुठे तिला पाण्याचा आवाज ऐकू आला. न्हाणीघरात बादली भरून वाहत होती.

“आई, नळ उघडा राहिलाय हो!”

ती दारापर्यंत गेली.

सासूबाई ओल्या फरशीवर पडल्या होत्या. एक पाय भलताच मुडपलेला. पिळायचं दुपटं अजून मुठीत होतं. चेहरा पांढराफटक, ओठ थरथरत होते.

“आई! अहो, कधी पडलात? हाक का नाही मारलीत?”

“मारली गं. मारतेच आहे कधीची.” त्यांचा घसा बसला होता. “मोठ्यानं मारली असती, पण बाळ उठलं असतं ना.”

खुब्याचं हाड आता जुळत आलंय. सासूबाई वॉकर धरून खोलीभर फिरतात. त्या दुपारचा विषय निघाला, की हळूच विषय चहावर नेतात. बाळाला बघायला अजूनही माणसं येतात. खुळखुळा वाजवत थेट पाळण्याकडे वळतात. ती त्यांना दारातच थांबवते.

“बाळ छान आहे. आत आई आहेत, आधी त्यांना भेटा.”

तिला तुम्हालाही तेच सांगायचंय. रडणाऱ्याकडे तर सगळं घर धावतं. तुमच्याकडे हळू हाक मारणारं कोण आहे? हे पान राहू द्या असंच उघडं. उठा, आधी त्यांना बघून या.