गुडबायबाईंची मुलाखत

"‘गुडबाय’मधला ‘गुड’ म्हणजे चांगला नव्हे," मास्तर म्हणाले. "मुळात तिथं... तिथं गॉड होता. देव."

"अय्या! मग गेला कुठं?" विद्यार्थिनीनं विचारलं.

मास्तर खिडकीकडे बघत थांबले. हल्ली शब्द जिभेवर यायला वेळ लावत. पण ही वाट बघे. मध्येच तोंड घालून त्यांचं वाक्य पुरं करण्याची खोड लेकीला होती, हिला नव्हती.

"निघताना म्हणायचे, ‘गॉड बी विथ यी.’ देव तुमच्या पाठीशी असो. रोज घाईघाईत म्हणून म्हणून ते झिजलं. आणि ‘गुड डे’च्या संगतीनं गॉडचा गुड झाला."

"पुन्हा सांगा ना, सर. सावकाश. डोक्यात शिरत नाही."

मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पुन्हा सांगितलं. एवढी ढ मुलगी त्यांना उभ्या नोकरीत भेटली नव्हती. लेकीनं तिला शिकवणीसाठी घरी आणलं तेव्हा मास्तर आजारातून नुकते उठले होते आणि एक शब्दही न बोलता भिंतीकडे तोंड करून पडून असत. ती दारातून आत आली आणि हसून म्हणाली, "गुडबाय, सर!" मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नो!" ते ओरडले. त्या दिवसापासून ती गुडबायबाई झाली.

पुढं तिच्यावर त्यांचा जीव जडला. तसं ते कबूल करत नसत, पण ती यायच्या आधी दाढी मात्र न चुकता करत.

आज तिची मुलाखत होती. मोठ्या हॉस्पिटलात, रिसेप्शनिस्टच्या जागेसाठी. ही पोरगी आल्या पेशंटला दारातच गुडबाय म्हणून बसेल, याची मास्तरांना काळजी लागली होती.

"मी येतो तुझ्यासोबत," ते एकदम म्हणाले.

ती चपापली. "नको, सर. तुम्ही तर फाटकाबाहेरही पडत नाही."

"काठी दे."

"बाबा, काहीतरीच काय!" लेक स्वयंपाकघरातून धावत आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मास्तरांनी तोवर चपला पायात सरकवल्या होत्या.

हॉस्पिटलच्या काउंटरमागे चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. गुडबायबाई काही बोलायच्या आत मास्तर काउंटरला टेकून उभे राहिले. अनोळखी माणसाशी ते कितीतरी दिवसांनी बोलणार होते. शब्द अडला, तर पोरीची नोकरी हातची जायची.

"नमस्कार," ते म्हणाले. "ही माझी विद्यार्थिनी. इंग्रजीत जरा कच्ची आहे, पण समोरच्याचं इतकं मन लावून ऐकणारं माणूस तुम्हाला शोधून सापडायचं नाही. हिला नोकरी द्या."

एका दमात बोलले. अभिमानानं त्यांनी मागं वळून पाहिलं, तर गुडबायबाई ओढणीनं डोळे पुसत होती.

"आता रडायला काय झालं, वेडाबाई? अजून मुलाखत व्हायचीय!"

काउंटरमागच्या बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "वाचा गेलेले पेशंट म्हणून तुम्ही सांगत होता, ते हेच का?"