पहिला पेला

"आधी तू पी," लसंत म्हणाला.

फलीलचं ओगराळं पातेल्यातच राहिलं. देहिवलाच्या या चौकात वेसाकच्या बुद्धपौर्णिमेला त्याच्या फुकट सरबताचा मांडव, म्हणजे दानसल, कितीतरी वर्षं लागत आलेला. लसंत लहानपणी इथेच चार-चार पेले ढोसून घरी जायचा. आता तो चौकात रिक्षा चालवायचा. गेल्या महिन्यापर्यंत 'अहो फलील नाना' म्हणणारा हा पोरगा आज अरे-तुरेवर आला होता. त्याच्यामागे वीस-पंचवीस माणसं उभी होती. तीही पीत नव्हती.

"यात हे काळं काळं काय आहे?"

"सब्जा आहे रे. दरवर्षी असतो."

"दरवर्षी चर्चमध्ये बॉम्ब फुटत नव्हते."

स्फोट झाले तेव्हापासून, मुसलमानाच्या हातचं खाल्लं की बायकांना मुलं होत नाहीत, असलं काहीबाही फोनाफोनांवर फिरत होतं. मागच्या आठवड्यात दूरच्या गावांत मुसलमानांची दुकानंही पेटवली होती. त्याची बायको सित्ती सकाळपासून विनवत होती, या वर्षी राहू दे. पण मांडव घातला नाही तर म्हणतील, बघा, आता आमचा सणही यांना नकोसा झाला. म्हणून त्यानं घातला. आता मागे त्याचंच कापडाचं दुकान होतं, आणि वरच्या खिडकीत पडद्याआड सित्ती आणि दोन्ही पोरी.

"माझा रोजा आहे, लसंत. सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंबही चालत नाही, तुला ठाऊक आहे."

"वा! बरा सापडला रोजा," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

जिवावर बेतलं तर रोजा मोडायची मुभा असते, हे त्याला माहीत होतं. देवाची त्याला भीती नव्हतीच. भीती होती ती समोरच्यांची. आत्ता प्यालो तर म्हणतील, बायकोला बोलाव. मग म्हणतील, पोरींना पाज. आणि नाही प्यालो तर? कुणीतरी त्याच्या दुकानाच्या शटरवर उगीचच बोटांनी टकटक करत होतं. त्यानं पेला भरला.

तेवढ्यात पियासीली अक्का गर्दीतून पुढे आली. त्याची भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. साठी उलटलेली, अंगावर पांढरी साडी, विहारातून घरी निघाली होती. तिनं पेला त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुकानाच्या पायरीवर बसकण मारली.

"त्याची वेळ होतच आलीय. थांबू की," ती म्हणाली. "मीही पौर्णिमेच्या व्रतानं दुपारपासून उपाशीच आहे. आणखी जराशानं काही मरत नाही."

लसंत काहीतरी पुटपुटला. घाई असेल तर जा बाबा, असं तिनं त्याला सांगितलं. तो हलला नाही. कुणीच हललं नाही. त्या महिन्यात मशिदीनं भोंग्याचा आवाज कमी केला होता; बांग ऐकू यावी म्हणून कुणीतरी वेसाकच्या गाण्यांचा स्पीकर बंद केला.

शेवटी बांग ऐकू आली. फलीलनं दुसरा पेला भरला. निम्मं सरबत बाहीवर सांडलं. सगळ्यांचे डोळे त्याच्या तोंडावर. त्यानं मोठा घोट घेतला आणि त्याला जोराचा ठसका लागला.

गर्दी एकदम मागे सरली. संपलं आता, फलीलच्या मनात आलं. तो खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी आलं, वर खिडकीत सित्तीनं पडदा घट्ट धरला. मग ठसका थांबला. "काही नाही, घाईत गेलं," तो म्हणाला, आणि उरलेलं सगळं एका दमात पिऊन पेला उलटा करून दाखवला.

मग अक्कानं आपला पेला रिकामा केला. लसंतनंही एक पेला घेतला. त्याच्यामागे रांग लागली, कुणीतरी पुन्हा गाणी लावली. फलील भराभर पेले भरत होता. जरा उसंत मिळाली तसा तो पायरीपाशी वाकला.

"अक्का, तुम्ही नसतात तर आज..."

अक्कानं मान वर केली नाही. रिकामा पेला ती हातात नुसती फिरवत होती.

"तसं म्हणू नकोस रे," ती हळूच म्हणाली. "दरवर्षी पहिला पेला मी पिते. आज मीही तुझ्या घशाकडेच बघत होते."