जे दिसते ते बोल

त्या दिवशी चारुदत्तचे पाय खरोखर लटपटत होते आणि ते कोणाला कळू नये असं त्याला वाटत होतं. क्लचवरचा डावा पाय तर आपोआप उडत होता. नेरमधल्या वडिलांच्या घरासमोर गाडी उभी. इंजिन दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा चालू झालेलं.

"लायसन हाय ना तुह्याजवळ?" बाजूच्या सीटवरून हरिसिंगनं विचारलं.

"आठ वर्षांआधी एजंटनं काढून देल्लं. चालवली कुठी मी?"

"मंग आज चालव."

चारुदत्तच्या बायकोला, गुंजनला, यवतमाळच्या एका कॉलेजात पक्की नोकरी लागली होती. त्याचं स्वतःचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. पण पुण्यात त्यानं दहा वर्षं बस, मेट्रो आणि पायांवर काढली होती. यवतमाळात बघितलेलं घर गावाच्या एका टोकाला, कॉलेज दुसऱ्या टोकाच्याही पुढं. दूध आणायचं तरी गाडी काढा. आणि स्टिअरिंगवर बसायची तर त्याला भीतीच वाटायची.

गुंजन सकाळीच बसनं घर बघायला गेली होती. जाताना किल्ली टेबलावर ठेवून म्हणाली, "एकपर्यंत गाडी घेऊन आलास तर राहू. नाही आलास तर मी कॉलेजला नकार कळवते. भांडण नाही. पण जन्मभर मी एकटीच तुला इकडून तिकडं नेणार नाही."

म्हणून त्यानं हरिसिंगला बोलावलं. शाळेपासूनचा दोस्त. नेर-यवतमाळ काळीपिवळी जीप अकरा वर्षं चालवलेला. उन्हाळ्यात त्यानं ती जीप विकून टाकली होती. "धंदा बसला," एवढंच बोलला होता.

"एसी नको, काच खाली घे," हरिसिंग म्हणाला. "आन् एकच नेम पाळ. जे दिसते ते बोल. सारं. तोंड चालू राह्यलं की हात कापत नाही." बोलताना तो चारुदत्तकडं बघतच नव्हता. त्याच्या कानाच्या पलीकडं कुठंतरी बघत होता.

गाडी निघाली.

"बकऱ्या," चारुदत्त म्हणाला.

"कोण्या बाजूनं?"

"डाव्या."

"हळू हो. आखीन?"

"म्हातारा. सायकल हातात धरून चालून राह्यला."

"जाऊ दे त्याले. आता मास्तरीणबाईचा फाटा येईन. तिथं गचका हाय."

गचका आला. मास्तरीणबाई कधीच बदली होऊन गेल्या होत्या, पण फाटा अजून त्यांचाच होता. मग हवेत सरकीचा वास आला. "कापसाची जिनिंग आली," हरिसिंग म्हणाला, "आता उजवं वळण." वळण आलं. चारुदत्तला जरा धीर आला. सगळा रस्ता ह्या माणसाच्या मुठीत होता. काही झालंच तर हा हात घालेल, ब्रेक ओढेल, सांभाळून घेईल.

अर्ध्या वाटेवर कापसाची ट्रॉली लागली. कापूस दोन्ही अंगांनी बाहेर फुगलेला, पुढचं काही दिसेना. मागं एक ट्रक हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला. चारुदत्तनं गाडी जराशी बाहेर काढली आणि समोरून बस आली. लाल. मोठी. आणखी मोठी.

"काय हाय?" हरिसिंगनं विचारलं. "चारू, काय हाय समोर?"

चारुदत्तचा आवाजच फुटेना.

"काहून चूप झाला? बोल! बोल ना बे!" हरिसिंगचे दोन्ही पंजे डॅशबोर्डवर रुतले होते. कपाळावर घाम. चारुदत्तला वाटलं, चिडला.

"बस... समोरून बस येऊन राह्यली."

"जागा हाय?"

"नाही."

"मंग ब्रेक दाब. घे ट्रॉलीच्या मागं. हॉर्न वाजू दे त्याचा."

बस सूं करून गेली. गाडी हलली.

"आता?"

"आता मोकळं हाय. पार दूरवर."

"मंग काढ पुढं."

त्यानं काढली.

पाऊण वाजता यवतमाळच्या त्या घरासमोर गाडी थांबली. चारुदत्तचा शर्ट पाठीला चिकटला होता. गुंजन फाटकातून धावत आली आणि गाडीच्या नाकासमोर उभी राहून दोन्ही हात वर करून नाचायला लागली. हरिसिंगचं तोंड सरळ तिच्याकडंच होतं.

"वहिनी कुठी हाय?" त्यानं विचारलं. "आली काय बाहेर?"

गुंजनचे हात वरच राहिले.

"हरी," चारुदत्त हळूच म्हणाला, "तुले दिसत नाही?"

"कडंचं दिसते." हरिसिंगनं मान खाली घातली. "मधातलं गेलं. उन्हाळ्यापासून. घरी मायले बी माहीत नाही."

"मंग सारा रस्ता तू मले..."

"तूच आणली बे गाडी. म्या त नुसतं आयकलं."

आता चारुदत्तला खरी भीती वाटली. तो बस, ट्रॉली, बकऱ्या, सगळं पुन्हा बघत होता आणि त्या सगळ्यात आपण एकटेच होतो हे त्याला आत्ता कळत होतं. दोन शिव्या हासडाव्या म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"नागपूरच्या डॉक्टरनं गुरुवारी बलावलं," हरिसिंग म्हणाला. "जाच्याची हिंमत होऊन नाही राह्यली. अकरा वर्षं म्या फाट्याफाट्यावरून लोकायले उचललं, चारू. इथं गाडी चालवता नाही आली त माणूस फाट्यावर उभाच राह्यते. मले कोण उचलीन?"

गुंजन खिडकीशी आली होती. "घरमालक थांबलेत," ती म्हणाली. "काय सांगू त्यांना?"

चारुदत्तनं तिच्याकडं बघितलं नाही. पाय अजून लटपटतच होते.

"गुरुवारी सकाळी सातले फाट्यावर उभा राह्य," तो हरिसिंगला म्हणाला. "ह्या घरून गाडी घेऊन येतो. आन् नागपूरपर्यंत जे दिसन ते बोलत जाईन."