मुलाम्याची पट्टी

“तुमच्याच हाताचा मळ लागला असेल, मॅडम,” पट्टी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस हसत म्हणाला. वृषाली केंजळेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हाड जोडायची ती धातूची पट्टी एका कबड्डीपटू मुलीच्या मोडलेल्या पायात बसवली होती. मुलीला निकेल सोसत नव्हतं, म्हणून स्टीलवर टायटॅनियमचा मुलामा दिलेली महागडी पट्टी घेतली. तरी पाय सुजला. डॉक्टरांनी पट्टी काढून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वृषालीकडे पाठवली. तिचं यंत्र क्ष-किरण सोडून वस्तूच्या अगदी वरच्या थरात कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगायचं. आलेखात टायटॅनियम औषधालाही नव्हतं. होतं ते लोखंड, क्रोमियम आणि निकेल, म्हणजे नुसतं उघडं स्टील.

“मळात कार्बन सापडतो, निकेल नाही,” ती म्हणाली.

“मग मुलामा शरीरात झिजला असेल.”

“बरं. तुमच्या बॅगेतली कोरी पट्टी द्या. सील तुम्हीच फोडा.”

त्याने ऐटीत पाकीट फोडलं. तिने हातमोजे चढवून पट्टी यंत्रात ठेवली. आतली हवा काढून घ्यायला दोन तास गेले. मग पडद्यावर रेषा उमटू लागली. टायटॅनियमच्या जागी ती सपाट राहिली, निकेलच्या जागी ताठ उभी झाली.

“असं कसं?” तो ताडकन उठला. “ही तर चांगल्या लॉटमधली होती!”

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. वृषालीने कोरा कागद त्याच्यापुढे आपटला.

“म्हणजे वाईट लॉट आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तो आणि हा ‘चांगला’, दोन्ही लॉट कुठल्या कुठल्या दवाखान्यांत गेलेत, ते लिहा. आत्ता, माझ्यासमोर.”