सैल दोऱ्या

"आई, तुझ्या पतंगाच्या मागच्या दोऱ्या सैल बांधल्यात. म्हणजे तो फार ओढणार नाही. तुझ्या वयाला अशी गरीब गायच बरी," निहार म्हणाला आणि शहाळं आणायला गेला.

देवबागच्या समुद्रात पतंगाच्या ओढीवर फळीवरून धावायला मृणालताई लेकाकडूनच शिकल्या होत्या. पण एकदा तरी पाण्यावरून उडायची हौस सैल दोऱ्यांवर कशी फिटणार? वाळूवर दोन्ही पतंग सारखेच निळे. त्यांनी साळसूदपणे लेकाचा, घट्ट दोऱ्यांचा पतंग आपल्या कमरपट्ट्याला अडकवला.

वारा आला, त्यांनी दोऱ्यांची दांडी छातीशी ओढली आणि त्या लाटेवरून हातभर उंच उडाल्या. "अगंबाई!" म्हणत धपकन पडल्या, आणि हसतच पुन्हा उभ्या राहिल्या.

निहार मात्र उरलेला पतंग घेऊन उथळ पाण्यातच खोळंबला होता. "आई! तो माझा आहे, उतर आधी!"

"उतरते हं बाळा," म्हणत त्यांनी दांडी पुन्हा छातीशी ओढली.